लाल मिलो आणि पांढरी फुलं

येळवस जवळ आली की तेरमध्ये घरोघरी आंबिलीचं पीठ भिजतं. त्या आंबट वासानं माणसांची भूक चाळवते. माझी नाही चाळवत. मला त्या वासाच्या मागून आणखी एक वास येतो. तागाच्या पोत्याचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि बरेच दिवस बंद असलेल्या खोलीचा. घरात सगळ्यांना विचारून झालं, दुसऱ्या कोणालाच तो येत नाही. सून म्हणते, "आत्याबाई, एकदा डॉक्टरला नाक दाखवून या." नाकाला काही धाड भरलेली नाही. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली माझी. कुठल्या पोराच्या दप्तरात कैरी आहे ते मी वर्गाच्या दारातून सांगायची.

तो वास बहात्तरच्या दुष्काळातल्या मिलोचा आहे. ज्यांनी तो खाल्ला नाही त्यांना सांगून कळत नाही, आणि ज्यांनी खाल्ला ते त्याविषयी बोलत नाहीत. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. जहाजातून बंदरात, बंदरातून रेल्वेनं ढोकीच्या स्टेशनात, तिथून बैलगाडीनं आमच्या सोसायटीच्या दुकानात. पोती उतरली की त्यातून तांबूस धूळ उडायची आणि हमाल शिंकत सुटायचे. अमेरिकेची माती तेरमधल्या माणसांच्या नाकात जात होती, पण तेव्हा असं काही कोणाच्या मनात आलं नाही. मनात एवढंच होतं की पोती आपला नंबर लागेपर्यंत पुरावीत.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. आमच्या धाराशिव-लातूरकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. दाराला कड्या, ओट्यावर कोणी नाही, कुत्रीसुद्धा जेवणाच्या मागं रानात गेलेली. दुपारी चुकून कोणी गावातून चालत गेलंच, तर आपल्याच चपलांचा आवाज मागून येतोय असं वाटतं. रानात मात्र जत्रा. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप उभारायची, म्हणजे छोटी खोप, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची बेसन लावलेली मिसळ भाजी, ताकातली आंबील आणि बाजरीचे वाफवलेले उंडे, असा नैवेद्य दाखवायचा. मग घरातलं कोणीतरी आंबिलीचं मडकं घेऊन शेताच्या कडेकडेनं फिरतं आणि लिंबाच्या डहाळीनं शिंपत जातं. याला चर शिंपणं म्हणतात. शिंपताना एक आरोळी द्यायची असते. ती कानडीतून आली असं सांगतात, पण तिचा अर्थ आमच्यात कोणालाच माहीत नाही. अर्थ माहीत नसलेले शब्द वर्षानुवर्षं जमिनीला मोठ्यानं ऐकवायचे, याचं मला नवी नवरी असताना हसू यायचं.

मी जळकोटची. हमरस्त्यावरचं गाव, दिवसरात्र मोटारी पाहत वाढलेली. लग्न होऊन तेरला आले तो दुष्काळाचाच उंबरठा होता. घरात मामंजी, हे, आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं, मीही म्हणू लागले. थोरले दीर साप चावून गेले होते आणि आक्काच्या पोटात तेव्हा मूल होतं. ती रंजू. मी आले तेव्हा रंजू अजून मान धरत नव्हती.

आक्का घरात फार बोलायची नाही. कोपऱ्यात बसून घास खायची आणि उठायची. पण शेतात गेली की तिला कंठ फुटायचा. ढेकळांशी बोलायची, बांधाशी बोलायची, बाभळीला रागवायची. दीर गेल्यावर तिच्या माहेरच्यांनी न्यायला माणूस पाठवला होता, तर म्हणाली होती, "म्या हितंच ऱ्हानार. ह्या रानात त्येंचा घाम हाय." मामंजींनी ते ऐकून डोळे पुसले आणि नांगर तिच्या हाती दिला. बाईनं नांगर धरायचा नसतो वगैरे गावानं बोलून घेतलं. तिनं ऐकून घेतलं. त्या घरात तिचं असं काही असेल तर ते शेत होतं.

आमचं शेत पांढरीच्या टेकाडाला लागून आहे. पांढर म्हणजे जुनं गाव बसून गेलेली जागा. तेर फार जुनं. दोन हजार वर्षांपूर्वी इथून कापड गाड्यांवर लादून समुद्राकडं जायचं आणि तिथून गलबतांनी रोमला. हे मी पुढं पोरांना शिकवलं. पण पुस्तकात वाचण्याआधी मी ते पायाखाली पाहिलं. वावटळ येऊन गेली की टेकाडावर मणी उघडे पडायचे. निळे, हिरवे, विटकरी. कधी मातीच्या दिव्याचं तोंड, कधी बाहुलीचं मुंडकं, केसांची ठेवण आपल्याकडची नाही, डोळे उघडे. दुष्काळी कामावर नाला खणताना असं एक मुंडकं आक्काच्या टिकावाखाली आलं होतं. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मग परत मातीत ठेवून वर माती लोटली.

"घरी न्यायचं होतं की आक्का, रंजूला खेळायला," मी म्हणाले.

"लांबून आलेलं दिसतंय. आपल्याकडं बघतंय बी परक्यावानी. ऱ्हाऊ दे त्येला हितंच."

त्या दिवसांत रान दुपारी इतकं गप्प असायचं की टिकावाचा एक घाव पडला तरी दोन ऐकू यायचे. पाखरं निघून गेली होती. जनावरं छावणीत. विहिरीत वाकून हाक मारली तर हाक खाली जायची आणि वर यायला उशीर लावायची, इतकं पाणी खोल गेलं होतं. पुढं तर ती यायचीच बंद झाली. मी एकदा वाकून ऐकत उभी राहिले आणि मला भीती वाटली, म्हणून पुन्हा कधी हाक मारली नाही.

मिलोची भाकरी थापता यायची नाही. चिरा पडायच्या, कडा सुटायच्या, तव्यावर टाकली की फुगायची नाही. पाण्यात हात बुडवून बुडवून आक्का ती जुळवायची. रंग वाळल्या रक्तासारखा. मामंजी पहिल्या दिवशी ताटाकडं बघत बसले आणि म्हणाले, "ह्ये तिकडं डुकरास्नी घालत्यात म्हनं." मग तेच म्हणाले, "डुकरं तरी जगत्यात ना, वाढ." आणि सगळे जेवलो. पोट दुखायचं. पण रिकाम्या पोटाचं दुखणं वेगळं असतं आणि भरल्या पोटाचं वेगळं, हे त्या वर्षी आम्हाला नीट कळलं.

त्याहून मोठी गोष्ट रंजूची. आक्काचं दूध आटलं होतं. पोर रडायचीसुद्धा थांबली होती, नुसती बघायची. तिचं ते बघणं मला टेकाडावरच्या बाहुलीसारखं वाटायला लागलं होतं, आणि असं वाटतंय म्हणून मी मनात देवाची माफी मागायची. आक्कानं मिलोचं पीठ वस्त्रगाळ केलं, पातळ पेज शिजवली, त्यात सरकारी दुधाची भुकटी कालवली. तीही भुकटी परदेशचीच. बोटानं बोटानं चाटवली. काही दिवसांनी रंजू रडली. इतकं मोठ्यानं रडली की शेजारच्या बायका धावत आल्या, आणि आक्का चुलीपुढं बसून हसत होती. त्या पोत्यांविषयी मी आज जे काही वाईट बोलणार आहे, त्याआधी हे सांगायला हवं. ती पोती आली नसती तर आमची रंजू आज नसती.

मिलो खायला लागल्यापासून आक्काला एक स्वप्न पडायचं. सकाळी जात्यावर बसली की सांगायची. मोठं सपाट रान आहे. इकडून तिकडं, नजर पोचेल तिथवर लाल कणसं. बांध नाही, झाड नाही, विहीर नाही. आणि माणूस नाही.

"राखनीला बी कुनी न्हाय गं. नुसतं पीक हालतंय. आन् त्या पिकाला ठावं हाय, म्या आलीया म्हनून."

"मग काय करता तुम्ही?"

"काय करनार? उभी ऱ्हाते. कुनाचं हाय म्हनून हाक मारते. वारं सुटतं आन् समदी कनसं माझ्याकडं वळत्यात."

मी हसण्यावारी न्यायची. पुढं कितीतरी वर्षांनी शाळेत रंगीत तक्ते आले. एका तक्त्यावर परदेशातली शेती होती. क्षितिजापर्यंत लाल ज्वारी, बांध नाही, झाड नाही, लांबवर एक यंत्र, आणि माणूस कुठंच नाही. आक्का कधी शाळेत गेली नव्हती, सिनेमाही तिनं पाहिला नव्हता. मी तो तक्ता गुंडाळून कपाटावर ठेवला. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं तर वाळवी लागली म्हणून सांगितलं.

दुष्काळातली ती येळवस. रानात हिरवं काही नाही, तरी मामंजी म्हणाले, जायचं. कोपीला कडबा नव्हता. मग यांनी चार बाभळीच्या काठ्या रोवल्या आणि त्यावर मिलोची रिकामी पोती पांघरली. पोत्यावर परक्या लिपीतली अक्षरं आणि दोन हातांचं चित्र होतं, एकमेकांत गुंतलेले, मनगटापाशी तुटलेले. आत पाच पांडव बसले. मामंजी हात जोडून त्या चित्राकडं बघत राहिले आणि हळूच यांना म्हणाले, "ह्यातला आपला हात कंचा रं?" वाऱ्यानं पोतं फुगायचं तेव्हा ते हात हलल्यासारखे दिसायचे.

आंबील मिलोच्या पिठाची. ताक नव्हतं, भुकटीच्या दुधाला विरजण लावून केलेलं पांचट काहीतरी होतं. मडक्यात ती लाल दिसत होती. आणि त्यात आक्कानं आणखी एक गोष्ट मिसळली. मिलो पाखडून जे निघायचं, काडी, फोलपट, काळं बारीक बी, ते ती उकिरड्यावर टाकू द्यायची नाही. अन्नाच्या अंगाला लागून आलेलं पायदळी जाऊ द्यायचं नाही, अशी आमच्या घरची शिकवण होती. आषाढापासून ते सगळं एका गाडग्यात साठत गेलं होतं. आक्का म्हणाली, "भुईला दाना द्यायला न्हाय. ह्ये तरी देऊ. तिचा बी वाटा हाय की." तिनं ते गाडगं आंबिलीत रिकामं केलं आणि चर शिंपायला निघाली.

मी कोपीपाशी रंजूला घेऊन बसले होते. आक्का कडेकडेनं लहान होत गेली. आरोळी ऐकू येत होती. मग ती टेकाडाच्या बाजूला गेली आणि आरोळी दोन्हीकडून यायला लागली. तिची एक, आणि थोड्या वेळानं टेकाडातून दुसरी. टेकाडावरून आवाज परत येतो हे शाळेत मी पोरांना दाखवलं आहे. पण त्या दिवशी मला वाटलं की त्या शब्दांचा अर्थ इथं ज्यांना कळतो ते उत्तर देत आहेत. आक्काला ऐकू आलं का, मी विचारलं नाही. ती परतली तेव्हा मडकं रिकामं होतं आणि हातांवर लाल ओघळ वाळले होते.

दुसऱ्या वर्षी पाऊस आला. चांगला आला. पेरणीआधीच शेताच्या कडेनं काहीतरी उगवलं. बारीक कातरलेली पानं, गाजराच्या पाल्यासारखी. मामंजींना ओळखता येईना. गावात ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांनाही येईना. एवढंच कळत होतं की ते जिथं चर शिंपला तिथंच आलं आहे. मधे नाही, बांधापलीकडं नाही, बरोबर त्या रेघेवर. जिथं आक्का वळली तिथं ते वळलं होतं, जिथं ती बाभळीला बगल देऊन गेली तिथं त्यानंही बगल दिली होती. सकाळी मी त्या रेघेवरून चालले तेव्हा आक्काच्या पावलांवरून चालल्यासारखं वाटलं.

आमच्या घरची आणखी एक रीत होती. चराच्या रेघेवर जे उगवेल ते पुढच्या येळवसेपर्यंत उपटायचं नाही. ती भुईची राखण मानायची. एरवी तिथं कुंदा, हरळी, फार तर एखादं एरंडाचं झाड यायचं. या वेळी भुईनं अनोळखी काही दिलं होतं, आणि तेही फुलणारं. पोळा येईतो पांढऱ्या बारीक फुलांनी ती रेघ भरून गेली. जनावरं त्याला तोंड लावत नव्हती. बैल तिथपर्यंत चरत यायचे आणि फुंकारून मागं सरकायचे. त्यावर मधमाशी मी पाहिली नाही. मामंजींना ते खटकत होतं, पण आक्का इतकी खूश होती की ते बोलले नाहीत. "आपुन दिलं ते भुईनं घेतलं," ती सगळ्यांना सांगायची. बांधावर बसून ती फुलांवरून हात फिरवायची. गौरीपुढंही तिनं तीच फुलं ठेवली. कोणी उपटायला गेलंच तर भांडायला उठायची.

त्या वर्षीच्या येळवसेला रानात ज्वारी उभी होती, कोप कडब्याची होती, आंबील पांढरी होती. दिवस मावळताना आमच्याकडं गवताचा पेटता पलिता घेऊन शेताभोवती फिरतात. हे पलिता घेऊन निघाले आणि आम्ही कोपीपाशी उभे राहिलो. उजेड जाईल तिथं फुलं उजळत होती. पुढची उजळायची, मागची विझायची. थोड्या वेळानं हे ज्वारीआड दिसेनासे झाले, पलिताही दिसेना, नुसती पांढरी फुलं उजळत उजळत शेताला वळसा घालत येताना दिसत होती. रंजू माझ्या कडेवर होती, तिनं तोंड माझ्या खांद्यात लपवलं. मामंजी म्हणाले, "ह्ये आपलं न्हवं." आक्कानं ऐकलं. तिनं पदरानं डोळे पुसले. मला तेव्हा वाटलं, रडते आहे. पण रडत नव्हती, तिच्या पापण्या सुजल्या होत्या.

तिथून सुरुवात झाली. आधी पापण्या, मग मनगटं, मग मान. खाज, मग पुरळ, मग पाणी सुटायचं. कातडी जाड होऊन काळी पडायची, सोलायची, पुन्हा काळी पडायची. आरशात बघून एकदा म्हणाली, "ही कोन गं?" मी आरसा काढून घेतला. गावानं आपल्या परीनं निदान केलं. पांढरीतलं मुंडकं हलवलं म्हणून बाधा झाली. विधवेनं चर शिंपला म्हणून झालं. बाईनं नांगर धरला म्हणून झालं, हे तर तयारच होतं. ओवाळून टाकलेली लिंबं आमच्या दारात पडायला लागली. बायका तिच्या हातचं पाणी टाळायला लागल्या.

एकट्या शांताबाई घरी आल्या. विहाराशेजारी राहायच्या, दुष्काळी कामावर आक्काच्या जोडीला खडी फोडलेली. ओट्यावर बसून त्यांनी आक्काच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाल्या, "बाधा न्हाय आन् फिधा न्हाय. ह्या गवतानं झालंय. ढोकीला रुळाच्या कडंनं जाऊन बगा, ह्येच गवत हाय. सोसायटीच्या मागं हाय. जिथं जिथं ती पोती सांडली तिथं तिथं हाय. तुमी एकट्यानं न्हाय आनलं, आक्का."

आक्का म्हणाली, "रुळावर सांडलं आसंल, बाई. माझ्या रानात म्या पेरलंय."

तालुक्याच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. हे गवत अंगाला बाधतं. काहींना काहीच होत नाही, काहींना आयुष्यभर सोडत नाही. औषध देतो, पण खरं औषध एकच, त्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. शेतात जायचं नाही. डॉक्टरांच्या तोंडून हे इतक्या सहज गेलं, जसं कोणाला तिखट खाऊ नका म्हणावं. आक्का उठून बाहेर गेली आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन बसली. मला तेव्हा जितकं वाईट वाटलं तितकं पुढं माझी माणसं गेली तेव्हाही वाटलं नाही.

तिनं ऐकलं नाही अर्थात. पहाटे जाऊन हातांनी उपटायची, उपटलेलं पेटवायची, धुरानं आणखी सुजून यायची. आणि ते दुप्पट यायचं. एक हंगाम ते राखलं गेलं होतं, त्याचं बी आता साऱ्या रानात होतं. पुढच्या वर्षी शेजाऱ्यांच्या बांधावर आलं, मग नदीकाठी, मग शाळेच्या मैदानावर, मग टेकाडावर. त्याला गाजर गवत म्हणायला लागले, कोणी चटक चांदणी म्हणायचे. पोरांना घेऊन मी ते उपटण्याची मोहीम काढायची तेव्हा हातात पिशव्या बांधायला लावायची. ऐंशी सालाच्या पुढं दुधाची सोसायटी आली, कारखाना आला, विहिरीवर मोटार आली, शेताचं रूप पालटत गेलं. आक्का माळवदावर बसून ते लांबून बघायची. वारा शेताकडून सुटला की खाली उतरून दार लावून घ्यायची. आपल्याच रानाच्या वाऱ्याला दार लावून बसलेली ती बाई मला अजून दिसते.

मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. पण या देवाणघेवाणीचा विचार मी आयुष्यभर करत आले, ताटावर बसल्या बसल्या. आमच्या ठेच्यातली मिरची समुद्रापलीकडून आलेली. भुईमूग आलेला, मका आलेला. ते आले तेव्हा त्यांनाही बैल फुंकारले असतील. आज त्यांच्यावाचून येळवस होत नाही. टेकाडावरच्या त्या मण्यांचे व्यापारी कधी काळी इथं उतरले, दिवे ठेवून गेले, कापड घेऊन गेले. त्यांच्या गोण्यांच्या शिवणीत काय काय आलं असेल ते कोण सांगणार? आपलं म्हणून ज्या गवतावर आपण निजतो तेही कदाचित तेव्हा कुणाला तरी परकं वाटलं असेल. आणि उलटंही आहेच. परदेशी तुरीचं जहाज बंदराला लागलं की आमच्या आडतीवर तूर पडून राहते आणि चुलत पुतण्या जेवत नाही. त्याच दिवशी पुण्यातली माझी भाची फोन करून सांगते, "मावशी, डाळ उतरली बाई एकदाची." दोघंही माझीच. मी एकाचं ऐकून हळहळते आणि दुसरीचं ऐकून बरं झालं म्हणते, आणि दोन्ही मनापासून म्हणते. जहाजाला हे काही माहीत नसतं.

रंजूनं शेत हाती घेतलं. तिचं लग्न होऊन जावई इथंच राहिले. दोघांनी द्राक्षं लावली, बाहेर देशी पाठवायची म्हणून. बाहेर माल पाठवायचा तर बाग काचेसारखी स्वच्छ लागते. औषधं मारून त्यांनी साऱ्या रानातलं गाजर गवत संपवलं, बांधावरचंसुद्धा, भोवतीनं जाळी लावली. ते औषधही बाहेरचंच. आणि एक दिवस रंजू घरी येऊन म्हणाली, "आई, आता रानात गवताची एक काडी न्हाय. चल."

आक्काचा विश्वास बसेना. तरी तिनं चपला घातल्या. शेताच्या कडेनं ती पूर्ण फिरली, पूर्वी चर शिंपायची त्याच वाटेनं. मग वाकून माती उचलली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी झालं नाही, आठवड्यानं झालं नाही. जुने डाग राहिले, काळी जाड कातडी राहिली, पण नवं काही उमटलं नाही. म्हातारपणी तिला तिचं रान परत मिळालं. वेलींशी बोलायची, घडांवरून हात फिरवायची, मजुरांना रागवायची. तो हिवाळा आमच्या घरात लग्न असल्यासारखा गेला.

मागच्या वर्षी येळवस झाल्यावर काही दिवसांनी माल काढायला सुरुवात झाली. शहरातून एक तरुण तपासनीस आला, डोक्याला टोपी, हातात मोजे, बोलायला गोड. बागेतली माती पाहिली, पाणी पाहिलं, पेट्या पाहिल्या, पेट्यांच्या तळाशी किडा किंवा गवताचं बी तर नाही ना ते भिंगानं पाहिलं. आमचं काही चुकून तिकडं जायला नको, म्हणून. मग त्याची नजर आक्काच्या हातांवर गेली. ती वेलीखाली बसून घड निवडत होती.

"आजी, तुम्ही जाळीच्या बाहेर बसा," तो म्हणाला. "राग मानू नका. हाताला-तोंडाला कातडीचं काही असलेल्या माणसानं फळाला शिवायचं नाही, तिकडचा नियम आहे. बागेतही थांबता येत नाही."

रंजू उठून उभी राहिली. "रान तिचं हाय, दादा."

"माझ्या हातात नाही, ताई. पेट्या परत येतील."

आक्कानं हातातला घड हळूच खाली ठेवला. "बरोबर हाय त्येचं," ती म्हणाली. "ती मानसं बगून घेत्यात. आपुन कुठं बगून घेतलं हुतं?" आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

रंजूनं कात्री फेकली. मजुरांना म्हणाली, "थांबा समदी. न्हाय धाडायचा माल. सडू दे हितंच." कात्र्या थांबल्या. आक्का जाळीच्या दारापर्यंत गेली होती, तिथून वळली.

"कात्री उचल, रंजे. माल थांबवू नगं. कुनाची तरी ल्येकरं वाट बगत आसतील. तू काय माझ्या रानातलं खाऊन जगलीस व्हय?"

रंजू रडायला लागली. मलाही आवरलं नाही, आणि त्या पोराचा राग करायचा तर तोही करता येईना. तो मान खाली घालून पेट्या मोजत असल्याचं दाखवत होता. मी आक्कापाशी जाऊन बसले. आत पुन्हा कात्र्या चालू झाल्या. संध्याकाळी ट्रक भरला. तो हलून रस्त्याला लागेपर्यंत आक्का जाळीबाहेर बांधावर, दोन्ही हात पदराखाली धरून बसून होती.